डीपीएफ असलेल्या ट्रॅक्टरचा इंधनखर्च आणि फिल्टरची सफाई: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

अभ्यासासाठी घेतलेला ट्रॅक्टर ७५ किलोवॅट, म्हणजे साधारण १०० अश्वशक्तीचा आहे. इंजिन चार सिलिंडरचे, टर्बो आणि कॉमन रेल इंजेक्शनचे आहे. धुराच्या मार्गात आधी ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट, म्हणजे डीओसी, त्याच्या मागे काजळी अडवणारा डीपीएफ आणि शेवटी नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करणारी, युरियाच्या द्रावणावर चालणारी एससीआर यंत्रणा बसवलेली आहे. तासमीटरवर ३,२६० तास झाले आहेत. चालकाची तक्रार दुहेरी आहे: पूर्वीच्याच कामाला आता डिझेल जास्त लागते आणि रिजनरेशनचा, म्हणजे फिल्टरमधील काजळी जाळून टाकण्याच्या क्रियेचा, दिवा वरचेवर लागतो.

या दोन तक्रारी बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या हाताळल्या जातात. डिझेल जास्त लागते म्हणून इंजेक्टर तपासले जातात आणि दिवा लागतो म्हणून फिल्टर साफ केला जातो. माझ्या मते या दोन्हींचे मूळ एकच असण्याची शक्यता अधिक आहे, कारण काजळी म्हणजे सिलिंडरमध्ये पुरते न जळलेले इंधनच होय. म्हणून फिल्टर लगेच उतरवायचा नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर त्याच पद्धतीने मोजणी करायची, असे आज ठरवले.

५ फेब्रुवारी

इंधन कसे मोजायचे यावरच आजचा बहुतेक वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. टाकी गळ्यापर्यंत भरायची, काम करायचे आणि पुन्हा गळ्यापर्यंत भरायची, ही सर्वांच्या सवयीची पद्धत दिवसभराच्या कामाचा अंदाज घ्यायला पुरेशी आहे. मात्र दोन-तीन टक्क्यांचा फरक शोधायचा असेल तेव्हा तिच्यावर विसंबता येत नाही. डिझेलचे तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आकारमान सुमारे ०.८ टक्के वाढते. कॉमन रेल इंजिनात पंपाकडून आणि रेलकडून परत येणारे डिझेल चांगलेच तापलेले असते, त्यामुळे सकाळची भरलेली टाकी आणि दुपारची भरलेली टाकी यांची तुलना मुळातच चुकते. ट्रॅक्टर उभा असलेली जमीन थोडी कलती असली तर त्यात आणखी भर पडते.

म्हणून वजनकाट्यावर ठेवलेल्या वेगळ्या टाकीतून इंजिनाला डिझेल द्यायचे आणि परतीची नळीही त्याच टाकीत सोडायची, अशी जोडणी केली. परतीची नळी मूळ टाकीत राहिली, तर इंजिनाने न वापरलेले डिझेलही खर्चात धरले जाते. खर्च लिटरमध्ये न लिहिता ग्रॅममध्ये लिहायचा आणि तो पीटीओवर, म्हणजे अवजारे फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, मिळालेल्या कामाने भागायचा, म्हणजे ग्रॅम प्रति किलोवॅट-तास हा एकच आकडा सर्व चाचण्यांना लागू पडेल.

७ फेब्रुवारी

पीटीओ ब्रेकवर, म्हणजे पीटीओवर लोड देऊन शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, ट्रॅक्टर आहे त्या स्थितीत चालवला. इंजिन गरम झाल्यावर पूर्ण लोडवर, रेटेड आरपीएमला २६२ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास इतका खर्च आला. डीपीएफच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातील फरक ११ किलोपास्कलच्या आसपास स्थिरावला. चाचणीपूर्वी रिजनरेशन पूर्ण करून घेतले होते, त्यामुळे हा दाब ताज्या काजळीचा नव्हे, ही बाब महत्त्वाची आहे.

टेलपाइपच्या तोंडाशी पांढरे फडके धरले, तर त्यावर डागही पडला नाही.

९ फेब्रुवारी

कंट्रोल युनिटमधील नोंदी काढल्या. दोन रिजनरेशनमधील अंतर सध्या इंजिनाच्या आठ ते दहा तासांचे आहे. शिवाय एकूण तासांपैकी बराच मोठा भाग इंजिन नुसतेच चालू राहण्यात किंवा अगदी हलक्या लोडवर गेलेला दिसतो, आणि त्या वेळी डीओसीच्या तोंडाशी धुराचे तापमान २०० अंश सेल्सिअसच्याही खाली आहे.

या तापमानाचे महत्त्व नीट मांडून ठेवतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. डीपीएफच्या आत सिरॅमिकच्या बारीक चौकोनी नळ्या असतात. एक नळी मागून बंद आणि तिच्या शेजारची पुढून बंद, अशी त्यांची रचना असते; त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जावे लागते आणि काजळी अलीकडे राहते. साचलेली काजळी दोन प्रकारे जळते. लोडवर काम चालू असताना धूर सुमारे २५० ते ४०० अंशांपर्यंत तापला, की डीओसीमध्ये तयार झालेला नायट्रोजन डायऑक्साइड काजळीचे हळूहळू ज्वलन करत राहतो. यासाठी वेगळे डिझेल लागत नाही आणि चालकाला काही कळतही नाही. हे तापमान मिळाले नाही तर काजळी साचत जाते, आणि ठरावीक मर्यादेनंतर कंट्रोल युनिट जादा डिझेल सोडून ते डीओसीवर जाळते व फिल्टरचे तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते. चालकाला दिसणारा दिवा हा या दुसऱ्या प्रकाराचा असतो.

या जादा डिझेलचा हिशेब करून पाहिला. उभ्या रिजनरेशनमध्ये, म्हणजे ट्रॅक्टर उभा ठेवून केलेल्या रिजनरेशनमध्ये, इंजिनातून सेकंदाला साधारण ०.०५ किलो वायू जातो असे धरू. तो २५० वरून ६०० अंशांपर्यंत नेण्यासाठी सुमारे १९ किलोवॅट उष्णता लागते. २५ मिनिटे ही उष्णता देत राहायची तर जवळपास २९ मेगाज्यूल, म्हणजे डिझेलच्या एका लिटरमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा धरल्यास ०.८ लिटर डिझेल खर्च होते. इंजिन चालू ठेवण्याचे डिझेल यात धरलेले नाही. शेतात काम करतानाच रिजनरेशन होऊ दिले, तर इंजिनाचे डिझेल निदान कामी येते. उभ्या रिजनरेशनमध्ये तेही वाया जाते. तासाला १० लिटरचा खर्च आणि नऊ तासांचे अंतर धरले, तर ०.८ लिटर हे एकूण खर्चाच्या एक टक्क्याहूनही थोडे कमी भरते.

म्हणजे वारंवार होणाऱ्या रिजनरेशनचे डिझेल ही चालकाच्या तक्रारीतील मोठी रक्कम नव्हे. इतकी काजळी ज्या कारणाने तयार होते आहे, ते कारण जास्त डिझेल खात असले पाहिजे.

१२ फेब्रुवारी

दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या दोन्ही रबरी नळ्या काढून पाहिल्या. एकीत पाणी आणि काजळीचा चिखल होता. नळ्या बदलल्या, सेन्सरचा शून्य दाब तपासला आणि वेगळ्या मापकाशी ताडून पाहिला. वाचनात किरकोळच फरक पडला, तेव्हा ७ तारखेचे ११ किलोपास्कल ग्राह्य धरायला हरकत नाही. फिल्टर बदलण्याचा सल्ला देण्यापूर्वी या दोन नळ्या पाहण्याची शिस्त प्रत्येक कार्यशाळेने पाळावी असे मला मनापासून वाटते. कंट्रोल युनिटला फिल्टरची खबर मुख्यतः त्यांच्याच वाटे मिळते.

१४ फेब्रुवारी

कारण सापडले. टर्बोकडून इंटरकूलरकडे, म्हणजे टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे, जाणाऱ्या रबरी पाइपला क्लॅम्पच्या कडेशी, खालच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढी चीर पडली आहे. इंजिन बंद असताना ती मिटलेली राहते आणि डोळ्यांना दिसत नाही. हवेचा मार्ग दोन्हीकडून बंद करून आत दाब दिला आणि साबणाचे पाणी सोडले, तेव्हा फेस उसळला. पाइपच्या बाहेरच्या बाजूला धुळीचा तेलकट थर जमला होता, तो नेमका त्या चिरेपासून पसरलेला होता.

लोड आला की टर्बोची हवा या चिरेतून निसटते, सिलिंडरला हवा कमी पडते, डिझेल पुरते जळत नाही आणि काजळी वाढते. हा दोष जुन्या, फिल्टर नसलेल्या ट्रॅक्टरमध्ये असता, तर पहिल्याच तासाला नांगर जमिनीत उतरताच काळा धूर निघाला असता आणि चालकाने ट्रॅक्टर उभा केला असता. या ट्रॅक्टरच्या टेलपाइपशी धरलेले फडके मात्र पांढरेच राहिले. फिल्टर आपले काम चोख करतो, आणि म्हणूनच इंजिनाचा बिघाड बाहेर दिसू देत नाही. गेल्या दोन पिढ्यांचे चालक धुराच्या रंगावरून इंजिनाची प्रकृती ओळखत आले. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळते आहे, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे, हे कोणी शिकवावे लागत नसे. यापैकी काळ्या धुराची खूण या इंजिनांमध्ये नाहीशी झाली आहे. तिची जागा आता दोन रिजनरेशनमधील अंतराने घेतली आहे, पण ते अंतर कोणी लिहून ठेवत नाही. या संपूर्ण प्रकल्पातून एकच गोष्ट चालकांपर्यंत पोचवता आली, तर ती हीच असावी.

एअर फिल्टर तुंबणे, इंजेक्टरचा फवारा बिघडणे, ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा सिलिंडरकडे सोडणारी झडप) उघडा अडकणे या दोषांचेही असेच होते. ते सगळे आज तपासले आणि ठीक आढळले.

१५ फेब्रुवारी

पाइप नवा बसवला, क्लॅम्प नवे लावले.

इंजिन ऑइलची पातळी दांडीवर कमाल खुणेच्या वर आढळली, आणि ऑइलला डिझेलचा वास आहे. रिजनरेशनसाठी जादा डिझेल सिलिंडरमध्येच उशिरा सोडण्याची पद्धत या इंजिनात असल्याने त्यातील काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतो. रिजनरेशन जितके वारंवार, तितके ऑइल पातळ होते आणि बेअरिंगला धोका वाढतो. ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल, तर ती बरी गोष्ट समजून सोडून देऊ नये. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलले. नवे ऑइल कमी राख सोडणाऱ्या सीके-४ दर्जाचे घेतले.

१७ फेब्रुवारी

पीटीओ ब्रेकवर पुन्हा तीच चाचणी केली. खर्च २५५ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास आला. फिल्टरला हात न लावता जवळपास पावणेतीन टक्के डिझेल वाचले. फिल्टरवरचा दाब मात्र जवळपास तेवढाच राहिला आहे. काजळी जाळून टाकल्यावरही जो दाब उरतो, तो राखेचा असतो.

२२ फेब्रुवारी

डीपीएफ उतरवला. उतरवण्यापूर्वी त्याची दिशा आणि कोन यांच्या खुणा रंगाने केल्या, सेन्सरचे सॉकेट वेगळे बांधून ठेवले. बाहेर पडण्याच्या बाजूचा चेहरा स्वच्छ, फिकट राखाडी आहे. तेथे एका जरी नळीच्या तोंडाशी काळा ठिपका असता, तर आतली भिंत तडकली असे समजावे लागले असते आणि अशा फिल्टरची सफाई करण्यात अर्थ नसतो.

आत येण्याच्या बाजूने बारीक तार नळ्यांत अलगद सोडून खोली मोजली. मध्यभागच्या नळ्यांत तार शेवटच्या टोकाच्या बऱ्याच आधी अडते. कडेच्या नळ्यांत ती पुढे जाते. राख मागच्या टोकाला बुचासारखी दाटली आहे. तिने अडवलेली लांबी काजळी धरण्याच्या उपयोगाची राहत नाही, म्हणून उरलेल्या आखूड भागात तेवढीच काजळी लवकर दाब वाढवते आणि रिजनरेशन लवकर मागितले जाते. ही राख ६०० अंशांवरही जळत नाही. ऑइलमध्ये मिसळलेल्या कॅल्शियम, झिंक, मॅग्नेशियम, फॉस्फरस यांच्या संयुगांची ती बनलेली असते, आणि ती काढायला फिल्टर बाहेरच काढावा लागतो. उभे रिजनरेशन पुन्हा पुन्हा करून राख जाईल अशी आशा धरणाऱ्यांचे त्यात डिझेलही जाते आणि ऑइलही बिघडते.

फिल्टर दाबाच्या पाण्याने धुण्याची किंवा कॉम्प्रेसरची नळी जवळ धरून झोडपण्याची सूचना आली होती, ती नाकारली. पाण्याच्या जोराने राख भिंतीच्या छिद्रांत घट्ट बसू शकते आणि जवळून मारलेल्या हवेने सिरॅमिकच्या पातळ भिंती फुटू शकतात. शिवाय ही राख अतिशय बारीक असते आणि ती फुप्फुसात जाऊ देणे योग्य नाही. उघड्यावर, तोंडाला काहीही न बांधता हे काम करणे मला मान्य नाही. फिल्टरच काढून रिकामा डबा बसवण्याचा पर्याय या प्रकल्पात विचारातही घेतलेला नाही. युरोपच्या स्टेज ५ नियमांनी १९ ते ५६० किलोवॅटच्या इंजिनांना कणांच्या संख्येची मर्यादाही घातली आहे, आणि ती पाळण्यासाठीच हा फिल्टर तेथे आला आहे. धुराच्या सर्वांत जवळ चालकच बसलेला असतो, हेही विसरता येत नाही.

२६ फेब्रुवारी

सफाई भट्टी आणि बंद कक्षाच्या यंत्रावर झाली. आधी भट्टीत तापमान हळूहळू ६०० अंशांपर्यंत नेऊन काही तास ठेवले, म्हणजे उरलेली काजळी जळून जाते आणि राख सुटी होते. थंडही हळूहळूच होऊ दिले, कारण तापमान झपाट्याने बदलले तर सिरॅमिक तडकते. नंतर बंद कक्षात बाहेर पडण्याच्या बाजूने आत येण्याच्या बाजूकडे, म्हणजे धुराच्या उलट दिशेने, हवेचे झोत सोडले आणि निघालेली धूळ शोषून घेतली.

वजन करताना एक काळजी घ्यावी लागते. थंड सिरॅमिक हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्याचे वजन राखेच्या वजनाशी स्पर्धा करू लागते. म्हणून आधीचे आणि नंतरचे, दोन्ही वजने फिल्टर १५० अंशांच्या वर गरम असतानाच घेतली. फरक २१० ग्रॅम आला. मागे पडलेली पूड फिकट, तपकिरी छटेची आणि पिठापेक्षाही बारीक होती. बोटांनी चोळल्यावर मात्र खरखरीत लागते.

हा आकडा पटण्याजोगा आहे का, ते पडताळले. तासाला सरासरी ८.४ किलो डिझेल आणि त्याच्या एक हजारांश ऑइल जळते असे धरले, तर तासाला ८.४ ग्रॅम ऑइल होते. ऑइलमधील सल्फेटेड राख जास्तीत जास्त १ टक्का धरली, तर तासाला ०.०८४ ग्रॅम, आणि ३,२६० तासांत सुमारे २७० ग्रॅम राख. सगळी राख फिल्टरपर्यंत पोचत नाही, तेव्हा २१० ग्रॅम हे प्रमाण योग्यच आहे. याचा अर्थ असा, की इंजिन अवाजवी ऑइल जाळत नाही आणि फिल्टरची सफाई आता वयोमानानुसार आवश्यक झाली होती. अमेरिकेच्या नियमांनी १३० किलोवॅटपेक्षा कमी शक्तीच्या इंजिनांसाठी अशा देखभालीचे किमान अंतर ३,००० तासांचे ठरवले आहे, त्याच्याशीही हे जुळते. जास्त राखेचे ऑइल वापरले असते तर ही वेळ बरीच आधी आली असती.

१ मार्च

फिल्टर खुणांप्रमाणे बसवला. गॅस्केट आणि क्लॅम्प नवे घातले. कंट्रोल युनिटमधील राखेचा हिशेब शून्यावर आणला. तो तसाच ठेवला असता, तर युनिटने फिल्टर अजून भरलेलाच आहे असे धरून काजळीचा अंदाज चुकवला असता. नंतर उघड्या जागी, आजूबाजूला वाळलेले गवत किंवा भुसा नाही याची खात्री करून, एकदा उभे रिजनरेशन केले.

३ मार्च

पूर्ण लोडवर फिल्टरवरील दाबातील फरक ४ किलोपास्कल. खर्च २५० ग्रॅम प्रति किलोवॅट-तास.

दाब ७ किलोपास्कलने कमी झाला. पूर्ण लोडवर या इंजिनातून सेकंदाला सुमारे ०.२१ घनमीटर तापलेला धूर बाहेर पडतो. त्याला ७ किलोपास्कल दाबाविरुद्ध ढकलायला जवळपास दीड किलोवॅट लागतात, म्हणजे पीटीओवर मिळणाऱ्या शक्तीच्या दोन टक्क्यांहून थोडे जास्त. २५५ वरून २५० हा फरकही सुमारे दोन टक्क्यांचाच आहे. हिशेब आणि मोजणी यांचा असा मेळ बसला, की पुढच्या निष्कर्षांवर विश्वास ठेवता येतो. २६२ पासून पाहिले तर एकूण बचत साडेचार टक्क्यांच्या पुढे गेली, आणि तिचा मोठा वाटा फिल्टरच्या सफाईचा नसून चिरलेल्या पाइपचा आहे.

१० मार्च

शेतातील चाचण्या. चालकाशी सविस्तर बोलून कामाच्या दोन सवयी बदलल्या.

पहिली सवय पीटीओची होती. हलक्या रोटाव्हेटरसाठीही पीटीओ ५४० आरपीएमने फिरवणारा नेहमीचा गिअर वापरला जात होता, त्यात इंजिन २,००० आरपीएमच्या आसपास फिरते. आता ५४०-ई हा इंधन वाचवणारा गिअर वापरला, तेव्हा पीटीओचा वेग तोच राहून इंजिन १,६०० च्या आसपास फिरते. हलक्या ओढीच्या कामातही वरचा गिअर आणि कमी थ्रॉटल हेच सूत्र ठेवले. यात डिझेल कमी लागते, हे पूर्वीपासून माहीत आहे. माझे लक्ष वेगळ्या गोष्टीवर होते: तेवढेच काम इंजिनाच्या कमी आरपीएमवर केल्याने सिलिंडरवरचा लोड वाढतो आणि डीओसीच्या तोंडाशी धूर अधिक तापतो. आधी २३० अंशांच्या आसपास रेंगाळणारे तापमान २९० च्या पुढे गेले. म्हणजे इंधन वाचवणारी सवय तीच फिल्टरलाही साफ ठेवते. इंजिन दबल्यासारखे वाटेपर्यंत आरपीएम उतरवू नये, एवढी मर्यादा चालकाला सांगितली.

दुसरी सवय इंजिन चालू ठेवून उभे राहण्याची. अवजार जोडताना, बोलत असताना, माल भरला जात असताना इंजिन चालूच राहत असे. त्या वेळात फिल्टर थंड होतो आणि काजळी मात्र साचत राहते. जोराच्या कामानंतर टर्बो थंड व्हावा म्हणून दोन-तीन मिनिटे इंजिन चालू ठेवणे योग्य आहे. त्यापलीकडे बंद करावे.

नांगरणीत चाकांची घसरण मोजली, ती २० टक्क्यांच्या वर निघाली. टायरमधील हवा भारानुसार कमी केली आणि पुढे वजने लावली, तेव्हा ती १२ टक्क्यांवर आली. मऊ जमिनीत ८ ते १५ टक्के घसरण चालते. याचा फिल्टरशी थेट संबंध नाही, पण एकरामागे लागणाऱ्या डिझेलशी मोठा आहे.

२८ मार्च

दोन रिजनरेशनमधील अंतर आता तीस तासांच्या पुढे गेले आहे. ऑइलची पातळी दांडीवर स्थिर आहे, वासही नाही.

चालकासाठी एक पत्रक करून केबिनमध्ये लावले. त्यात चारच रकाने आहेत: तारीख, तासमीटर, रिजनरेशन कामात झाले की उभ्याने, आणि ऑइलची पातळी. अंतर आधीच्या सरासरीच्या निम्म्यावर आले, तर पहिल्यांदा टर्बोपासून इंजिनापर्यंतचे पाइप, मग एअर फिल्टर, मग दाबाच्या सेन्सरच्या नळ्या आणि त्यानंतर इंजेक्टर व ईजीआर पाहायचे, असा क्रम पत्रकाखाली लिहिला आहे. फिल्टर उतरवण्याचा निर्णय, रिजनरेशन नुकतेच पूर्ण झालेले असताना पूर्ण लोडवर दाबातील फरक ९ किलोपास्कलच्या वर टिकून राहिला, तरच घ्यायचा.

आजच्या पहिल्या नोंदीत चालकाने स्वतःहून पाचवा रकाना आखला आहे: त्या दिवशी कोणते काम होते. हा रकाना हवाच होता, कारण नांगरणीच्या आठवड्याचे अंतर आणि फवारणीच्या आठवड्याचे अंतर एकमेकांशी ताडता येत नाही. पुढच्या छपाईत तो घातला जाईल.